एका ब्रशवर अख्खा चेहरा: घेताना, लावताना आणि धुताना नेमकं काय चुकतं

गालावर फाउंडेशनच्या रेघा, कपाळावर कॉम्पॅक्ट पावडरचे चट्टे, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या, आणि मग प्रश्न येतो की ताई, फाउंडेशन कोणतं घेऊ? वीकेंडला मेकअपचे क्लास घेते म्हणून हे मला कायम ऐकायला मिळतं आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, फाउंडेशन राहू दे, आधी ब्रश दाखव. पर्समधून ब्रश निघाला की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. केस एकमेकांना चिकटलेले, मुळाशी जुनं फाउंडेशन सुकून कडक झालेलं, आणि त्याच ओलसर ब्रशने सकाळी क्रीम लावून लगेच कॉम्पॅक्टमध्ये बुडवलेला.

एका ब्रशने फाउंडेशन, ब्लश (गालाचा रंग), पावडर सगळं व्यवस्थित होतं, त्यासाठी बारा ब्रशचा सेट लागत नाही. फक्त ओल्या वस्तू आधी, कोरड्या नंतर, आणि मध्ये ब्रश पुसायचा. हे मधलं पुसणंच बहुतेक जणी गाळतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, उड्या मारू नका. आणि हो, हा ब्रश फक्त चेहऱ्याचा. आयशॅडोला, काजळ पसरवायला वेगळा छोटा ब्रश ठेवा, डोळ्यांना हा लावू नका.

## १. ब्रश घेताना

केस सिंथेटिक घ्या. नैसर्गिक केसांचे ब्रश, म्हणजे बकरीच्या वगैरे केसांचे, सुक्या पावडरीला छान असतात कारण त्या केसांवर बारीक खवले असतात आणि पावडर त्यात धरून राहते. पण तेच केस लिक्विड फाउंडेशन पिऊन टाकतात, धुतल्यावर वाळायला वेळ घेतात आणि नीट नाही धुतले तर कडक होतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे केस गुळगुळीत असतात, फाउंडेशन फारसं आत शोषत नाहीत आणि शाम्पूने पटकन साफ होतात. एकच ब्रश सगळ्याला वापरायचा असेल तर सिंथेटिकला पर्याय नाही. शिवाय ज्यांना प्राण्यांचे केस नको असतात त्यांचाही प्रश्न सुटतो.

आकार. अगदी सपाट डोक्याचा, गच्च भरलेला ब्रश (त्याला काबुकी म्हणतात) घेऊ नका. फाउंडेशनला तो मस्त, पण पावडर त्याने थापल्यासारखी बसते आणि धुतल्यावर लवकर वाळतच नाही. फुललेला मोठा पावडर ब्रशही नको, तो लिक्विडला काही कामाचा नाही. मधला घ्या: डोकं गोलसर किंवा एका बाजूला तिरकं कापलेलं, टोकाकडे थोडं निमुळतं, रुंदी साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर. टोक नाकाच्या बाजूच्या खळगीत गेलं पाहिजे आणि बाजू गालावर आडवी टेकली पाहिजे, म्हणजे एकाच ब्रशच्या दोन जागा तुम्हाला वापरायला मिळतात. हे पुढे लागणार आहे.

दुकानात करायच्या चाचण्या. ठाण्यात गोखले रोडला, राम मारुती रोडला किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये, कुठेही घ्या, पण टेस्टर मागा आणि एवढं करा:

- ब्रश तळहाताच्या मागच्या बाजूवर दाबा आणि सोडा. केस लगेच परत सरळ आले पाहिजेत. वाकडेच राहिले तर फार मऊ आहे, फाउंडेशन ओढत नेईल. दाबलाच जात नसेल तर फार गच्च आहे.
- गळ्यावर फिरवा, हातावर नको. हाताची कातडी जाड असते, टोचणं कळत नाही. गळ्याला टोचला तर परत ठेवा.
- केस हलकेच ओढा. नव्या ब्रशचे एकदोन केस निघतात, ते चालतं. चिमटीत झुपका आला तर नको.
- केस जिथे पकडलेले असतात ती धातूची नळी आणि दांडी दोन्ही धरून हळूच पिळा. तिथे डुगडुगत असेल तर महिन्याभरात डोकं हातात येणार.

ऑनलाइन घेतलात तर याच चाचण्या पार्सल आल्याबरोबर करा, रिटर्नची तारीख जायच्या आधी. किमतीचं म्हणाल तर महाग म्हणजे चांगला असं काही नसतं, चाचण्यांत पास झालेला स्वस्त ब्रशही वर्षानुवर्षं चालतो. पण लोकलच्या लेडीज डब्यात मिळणारे प्लास्टिकच्या पाकिटातले सेट मात्र चेहऱ्यासाठी मी घेऊ देत नाही, कारण पाकीट फोडून गळ्यावर फिरवून बघता येत नाही.

## २. वापरायच्या आधी एक धुणं

नवा ब्रश सरळ चेहऱ्यावर नको. त्यावर कारखान्यातली धूळ असते, सुटे केस असतात आणि रंगवलेल्या केसांचा जादा रंगही असतो. एकदा शाम्पूने धुवा (पद्धत पायरी ७ मध्ये) आणि पूर्ण वाळू द्या.

तपासा: धुताना पाण्याला रंग आला तर परत धुवा. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही रंग येतच असेल तर तो ब्रश बदलून आणा. गुलाबी-जांभळ्या केसांच्या ब्रशना हे जास्त होतं.

## ३. चेहरा तयार करा, थांबा

चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा, मग सनस्क्रीन. सनस्क्रीन ब्रशने लावू नका, बोटांनीच लावा, कारण ब्रशमध्ये अर्धं अडकतं आणि चेहऱ्यावर पातळ थर राहतो. कॉम्पॅक्टवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) लिहिलंय म्हणून सनस्क्रीन सोडणाऱ्याही आहेत, पण एवढी जाड पावडर कोणी लावत नाही की ती सनस्क्रीनचं काम करेल.

आता थांबायचं. पाचेक मिनिटं तरी. सकाळी घाई असते मान्य आहे, पण तोवर डबा भरा, केस विंचरा, काहीही करा. सनस्क्रीन ओलं असताना वरून ब्रश फिरवला की ते गोळा होऊन त्याच्या बारीक गुठळ्या निघतात, आणि सगळ्या जणी त्याचा दोष फाउंडेशनला देतात.

तपासा: बोटाची मागची बाजू गालाला लावा. सरकली तर अजून थांबा, हलकी चिकटली तर चालू करा. घामाने चेहरा ओला असेल तर टिशूने दाबून टिपा, घासू नका. मे महिन्यात आपल्याकडे पंख्याखाली बसूनच मेकअप करावा लागतो, त्याला इलाज नाही.

## ४. ओलं काम: फाउंडेशन, क्रीम ब्लश

फाउंडेशन ब्रशवर ओतू नका आणि चेहऱ्यावर टिकल्याही देऊ नका. हाताच्या मागच्या बाजूवर वाटाण्याएवढं घ्या. ब्रशचं टोक त्यात टेकवा, बुडवायचा नाही, मग हातावरच दोनतीनदा आपटून केसांत सारखं पसरवा.

सुरुवात चेहऱ्याच्या मध्यापासून. नाकाच्या बाजू, गालाचा आतला भाग, हनुवटी, कपाळाचा मधला भाग, कारण लालसरपणा आणि डाग बहुतेक इथेच असतात. तिथून बाहेर कानाकडे आणि केसांकडे जायचं, जाताना ब्रशवरचं फाउंडेशन आपोआप कमी होत जातं आणि कडेला रेघ उमटत नाही. उलटं केलं, म्हणजे जबड्यापासून आत आलात, की कानापाशी जाड थर दिसतो आणि गळा वेगळ्या रंगाचा.

हालचाल कशी करायची यातच सगळी गंमत आहे. पहिल्यांदा टपटप आपटायचं, छोटे ठोके, ब्रश उचलून परत टेकवायचा. सगळीकडे पसरलं की मग हलक्या हाताने लहान गोल फिरवायचे. बहुतेक जणी उलटं करतात, थेट वरून खाली ओढतात आणि रेघा येतात त्या तिथूनच. दांडी डोक्याजवळ पकडली की नकळत जोर येतो, म्हणून दांडी शेवटाकडे धरा. केस पंख्यासारखे उघडले तर तुम्ही जास्त दाबताय, केस जेमतेम वाकले पाहिजेत.

डाग दिसतोय म्हणून सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर देऊ नका. त्याच जागी ब्रशच्या टोकाने दोन ठोके द्या आणि पुढे व्हा.

क्रीम ब्लश असेल तर तो आत्ताच, पावडर लावायच्या आधी. ब्रशचं टोक आणि मधला भाग फाउंडेशनने भरलेला आहे, ब्लशसाठी ब्रशची कोरडी बाजू वापरा. हसून गालाच्या फुगवट्यावर लावायची सवय मोडा, चेहरा सरळ झाला की तो रंग खाली उतरलेला दिसतो. गालाच्या हाडावरून वर कानाकडे न्या.

सांभाळून: क्रीम कधीच पावडरवर लावू नका. खालची पावडर सरकते, वरचं क्रीम तिला चिकटतं आणि गालावर पोपडे आल्यासारखं दिसतं. एकदा झालं की दुरुस्त होत नाही, पुसून पुन्हा करावं लागतं.

## ५. मधलं पुसणं

इथे सगळ्यात जास्त चुकतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

क्रीमने ओला झालेला ब्रश कॉम्पॅक्टमध्ये फिरवला की दोन गोष्टी होतात. ब्रशवरची ओल पावडर धरते आणि चेहऱ्यावर ती एका जागी जाड चिकटते, बाजूला काहीच नाही, म्हणजे चट्टे. आणि कॉम्पॅक्टवर तेल लागतं. तुमचं कॉम्पॅक्ट उघडून उजेडात तिरकं धरून बघा. मधोमध गडद, चकचकीत, नखाने टोकरलं तरी भुकटी न निघणारा डाग दिसतोय? तो त्या तेलाचा आहे. त्यावर ब्रश कितीही घासा, पावडर येणार नाही, आणि मग पावडर संपली म्हणून नवीन कॉम्पॅक्ट आणलं जातं. नका आणू. त्या डागावर सेलोटेप हलकी चिकटवून उचला, वरचा कडक पापुद्रा निघतो आणि खालची पावडर चांगली असते.

पुसायचं असं: जुना स्वच्छ सुती रुमाल किंवा मायक्रोफायबरचा तुकडा मांडीवर पसरा. ब्रश आडवा धरून एकाच दिशेने, मुळाकडून टोकाकडे ओढा, दरवेळी रुमालाची नवी जागा. पाचसहा ओढण्यांत रंग येणं जवळजवळ थांबतं. मग ब्रशची बाजू बदला आणि परत. रुमालावर गोल गोल घासू नका, त्याने केस वाकतात. टिशू पेपरने केलंत तर त्याचे तंतू केसांत अडकतात आणि नंतर चेहऱ्यावर येतात.

अल्कोहोल किंवा क्लीनर फवारून लगेच पावडरला जाऊ नका, ओल राहिली तर पुसायच्या आधी होतं तेच पुन्हा होईल.

तपासा: ब्रश हाताच्या मागे फिरवा. रंगाची रेघ उमटली नाही आणि हात गार किंवा चिकट लागला नाही, तर पुढे जा.

## ६. कोरडं काम: पावडर, पावडर ब्लश

ब्रश पावडरवर टेकवा, एकदा फिरवा, डबीच्या कडेला दांडी आपटून जादा पावडर झटकून टाका. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ पावडरवर जाते.

आधी जिथे घाम-तेल येतं तिथे, म्हणजे नाकाच्या बाजू, कपाळाचा मध्य, वरचा ओठ, हनुवटी. इथे दाबून लावा, फिरवू नका, खालचं फाउंडेशन सरकतं. गालावर ब्रशमध्ये उरलंय तेवढंच पुरे. डोळ्यांखाली अगदी नावापुरतं, नाहीतर दुपारपर्यंत सुरकुत्यांत जाऊन बसतं.

पावडर ब्लश हवा असेल तर शेवटी, ब्रशच्या फक्त बाजूने.

पाडव्याला ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रेत नऊवारी नेसून चालायचं असतं तेव्हा ऊन आणि घाम दोन्ही असतं, मग लोक पावडरीचे तीनतीन थर देतात. थर वाढवून मेकअप टिकत नाही, घामाबरोबर तो थरच सरकतो. एक पातळ थर द्या आणि टिपायला रुमाल जवळ ठेवा. आधी टिपा, मगच पावडरचा ब्रश फिरवा. घामावर पावडर म्हणजे चट्टे.

## ७. धुणं

रोज वापर झाला की रुमालावर पुसणं, आणि साधारण आठवड्यातून एकदा धुणं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. आपण त्याच ब्रशने फाउंडेशन लावतोय आणि आपल्याकडे घाम बारा महिने, म्हणून मी ७ च धरते. पुटकुळ्या असतील तर त्याहून लवकर.

लागतं काय? कोमट पाणी, बेबी शाम्पू किंवा कुठलाही साधा शाम्पू, आणि तळहात. महागडं ब्रश क्लीनर नसलं तरी चालतं. अंगाचा साबण मात्र टाळा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढरा चिकट साका केसांत बसतो आणि ब्रश धुऊनही खरखरीत लागतो. शाम्पूने हा त्रास होत नाही. ज्यांच्या सोसायटीत पाणी फारच जड आहे त्यांनी शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्याने करा, एक पेला पुरतो.

1. लाँग-वेअर किंवा वॉटरप्रूफ फाउंडेशन वापरत असाल तर आधी कोरड्या ब्रशच्या टोकाला खोबरेल तेलाचे दोन थेंब लावा आणि तळहातावर फिरवा. रंग सुटून येतो. साधं फाउंडेशन असेल तर ही पायरी सोडा.
2. ब्रशचं डोकं खाली करून फक्त केस नळाखाली ओले करा. धातूच्या नळीपर्यंत पाणी जाऊ द्यायचं नाही.
3. तळहातावर शाम्पूचा थेंब घ्या आणि त्यावर ब्रश हलके गोल फिरवा. मुळाशी अडकलेलं काढायला बोटांनी केस चिमटीत धरून चोळा, कारण जुनं फाउंडेशन टोकाला नाही, तिथेच साठतं.
4. डोकं खालीच ठेवून धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत शाम्पू आणि पाणी परत करा. तेल वापरलं असेल तर दोन वेळा शाम्पू लागतोच.
5. बोटांनी मुळाकडून टोकाकडे दाबून पाणी काढा, पिळू नका, आणि केसांना मूळ आकार द्या.

तपासा: केस दाबल्यावर फेस येतोय? अजून धुवा. आत राहिलेल्या शाम्पूने चेहरा खाजतो.

सांभाळून: गरम पाणी नको आणि ब्रश मगात बुडवून ठेवायचा नाही. केस नळीच्या आत डिंकाने बसवलेले असतात, पाणी आणि उष्णता आत गेली की तो डिंक सुटतो. एकीने ब्रश रात्रभर शाम्पूच्या पाण्यात ठेवला होता, सकाळी दांडी हातात, डोकं मगात, आणि नळीच्या तोंडाशी मधासारखा पिवळट डिंकाचा गोळा. सिंथेटिक केसांना कंडिशनरही लावायचा नाही, केस बुळबुळीत होतात आणि पावडर धरत नाहीत.

अल्कोहोलचं काय? मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ७० टक्क्यांचं घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त जोरदार वाटतं पण ते इतकं पटकन उडतं की जंतूंवर काम करायला वेळच मिळत नाही, त्यासाठी ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमधलं पाणी लागतं. ब्रश वाटून वापरायचा नाहीच, पण कधी दुसऱ्या कोणाला लावावाच लागला तर आधी धुतलेल्या ब्रशच्या केसांवर फवारा, रुमालावर पुसा, पूर्ण सुकू द्या. हे धुण्याच्या जागी चालत नाही, साचलेलं फाउंडेशन अल्कोहोलने निघत नाही. गॅस, देवघरातली समई यांच्याजवळ फवारू नका, पेट घेतं.

## ८. वाळवणं

उभा, डोकं वर करून पेल्यात ठेवायचा नाही. पाणी खाली नळीत उतरतं आणि तुम्ही धुताना घेतलेली सगळी काळजी वाया जाते. टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, डोकं कडेच्या बाहेर हवेत राहील असा, म्हणजे सगळीकडून वारं लागतं. जाड टॉवेलवर आडवं टाकलं तर खालची बाजू ओलीच राहते आणि कुबट वास येतो. हेअर ड्रायर नको, सिंथेटिक केस तापून कुरळे होतात. बाल्कनीतलं कडक ऊनही नको.

शनिवारी रात्री धुवा, रविवारी मेकअप नसेल तर सोमवारी बिनघोर. उन्हाळ्यात रात्रभरात वाळतो. जुलैमध्ये मात्र दोन-दोन दिवस लागतात, विशेषतः खाडीकडच्या किंवा खालच्या मजल्यावरच्या घरात, जिथे कपडेच वाळत नाहीत तिथे ब्रश कुठून वाळणार. पंख्याखाली ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर. पावसाळ्यात दुसरा तसाच ब्रश असणं ही चैन म्हणू नका, एक धुतलेला वाळतोय आणि दुसरा वापरात. खरेदीत मी एवढीच सवलत देते.

तपासा: वरून कोरडा वाटला तरी मुळाशी टिशू दाबा. डाग आला तर अजून नाही.

## ९. ठेवणं आणि टाकून देणं

बाथरूममध्ये ठेवू नका, तिथे वाफ असते. पर्समध्ये नुसता टाकू नका, चिल्लर, लोकलचा पास आणि बिस्किटाचा चुरा सगळं त्याला लागतं. जाळीचं टोपण मिळतं ते घाला. झिपच्या प्लास्टिक पाकिटात फक्त पूर्ण कोरडा ब्रश, जरा ओल असली की आत बुरशी.

ब्रश वाटून वापरायचा नाही, बहिणीबरोबरही नाही. ओठांवर ताप उठला असेल, चेहऱ्यावर पू असलेल्या पुळ्या असतील तर मेकअपच थांबवा. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते तसं घरात कोणाला झालं आणि त्या माणसाने तुमचा ब्रश वापरला असेल, तर धुवत बसू नका, टाका.

एरवी टाकायचा कधी? धुऊन वाळल्यावरही केस पसरलेलेच राहतात, दर वेळी चेहऱ्यावर दोनतीन केस गळतात, मुळाशी काळे ठिपके दिसतात किंवा कुबट वास जात नाही. ठिपके आणि वास म्हणजे बुरशी, तिथे अल्कोहोल वगैरे करत बसू नका. फक्त दांडी आणि नळी सुटली असेल आणि केस चांगले असतील तर ब्रश टाकायची गरज नाही. दोन्ही भाग पूर्ण वाळवा, जुना डिंक खरवडा, दांडीच्या टोकाला ॲरल्डाइट लावून बसवा आणि पुसून दिवसभर आडवं ठेवा. केसांच्या बाजूला मात्र गोंद जाऊ देऊ नका, एक थेंब गेला तरी तेवढे केस कायमचे कडक होतात आणि गालाला ओरखडे काढतात.